वेलाचं पथ्य

"नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या," गव्हाणे साहेब पान उलटंपालटं करत म्हणाले. "वर कडा करपलेल्या. ह्याच्या दोन तक्रारी आहेत."

"आबांची जन्मात कुनाबद्दल तक्रार नव्हती," कानिफनाथ म्हणाला.

आबांबद्दलही बेलापुरात कुणी तक्रार करत नसे. एकदा केलेल्या माणसाला दुसऱ्यांदा करायची इच्छा होत नसे.

चार महिन्यांपूर्वी कानिफनाथाचे वडील, आबा, गेले. त्यानं राख प्रवरेत सोडली नाही. दारातच खड्डा घेतला, राख त्यात घातली आणि वर मधुमालतीचं रोप लावलं. 'आबा आता सावली देणार' असा फ्लेक्सही लागला. तेव्हापासून कारखान्यात जाताना तो वेलाला हात जोडी. वेल गुडघ्याएवढा झाला आणि पिवळा पडायला लागला. म्हणून त्यानं रिटायर झालेल्या कृषी सहायकाला मोटारसायकलवर घालून आणलं होतं.

"साहेब, कायबी करा, पन येल जगला पायजे. आबा दारात हायेत म्हनून आई घरात हाय. न्हाईतर ती चालली शिंगणापूरला, लंकामावशीच्या दुकानावर. दहाव्यालाच पिशवी भरून बसली हुती. म्या म्हनलं, आबांना उन्हात टाकून जातीस व्हय? तवा बसली गप."

त्याची आई मालनबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांचा डावा हात मनगटात सरळ होत नव्हता. त्या विहिरीपाशी घसरल्या होत्या, असं कानिफनाथानं येता येता सांगितलं होतं. एकदा विहिरीपाशी आणि दोनदा ओट्यावरून.

गव्हाणे साहेबांनी मुळाशी बोट खुपसलं, मातीचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एक कळलं होतं. झाड खोटं बोलत नाही. खोटं झाडाचा मालक बोलतो, तेही साहेबांना बरं वाटावं म्हणून.

"वहिनी, ह्याला काय काय घालता?"

"त्यांना आवडायचं त्ये."

"म्हणजे?"

"सकाळी चुना. तंबाकूला लागायचा ना. दुपारी लोनच्याचा खार. बुधवारी, आयतवारी मटनाचा रस्सा, वरनं मीठ घालून. त्यांना आळणी चालायचं न्हाई." त्या हजेरी घेतल्यासारखं सांगत होत्या. "सांच्याला क्वार्टर."

"क्वार्टर मी आनून देतो," कानिफनाथ पुढं सरसावला. "बघा साहेब. मानूस गेलं तरी सेवा चुकली न्हाई. शेजारची बायडाबाई तर म्हनती, असली बायको सात जन्म मिळायची न्हाई."

गव्हाणे साहेबांनी चष्मा काढून पुसला. सरकारी योजनांमध्येही त्यांनी इतकं जबरदस्त खत पाहिलं नव्हतं.

"अहो, चुन्यानं मातीतलं लोह पानापर्यंत पोचत नाही, म्हणून पान पिवळं. खारानं मुळं करपतात, म्हणून कडा जळाल्या. दारूचं तर बोलायलाच नको. वेल उपाशी नाही वहिनी, खाऊन खाऊन मरायला टेकलाय."

"आजून मेला न्हाई पन," मालनबाई म्हणाल्या.

"नाही, चिवट आहे. वाचेल." त्यांनी धीर दिला. "वरची माती बदला. लोहासाठी हिराकसाची हलकी फवारणी करा. आणि आजपासून हे सगळं बंद. फक्त पाणी, तेही माती वाळली तर. माया आवरा जरा. मायेनं माराल त्याला."

"आईला जमायचं न्हाई साहेब," कानिफनाथ म्हणाला. "लई जीव हाय तिचा." वेलाला हात जोडून तो हिराकस आणायला चौकातल्या दुकानात गेला.

मालनबाईंनी चहा आणला. वेलाजवळ न थांबता कप साहेबांच्या हातात दिला. साहेबांना त्या बाईची कणव आली. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "आबा कशानं गेले?"

"कावीळ. लिवर गेलं हुतं. आधी डोळं पिवळं झालं, मग अंग."

"दवाखाना?"

"केला की. डाक्टर चांगला हुता, तुमच्यावानी समजून सांगायचा. कानिफ औषधं आनाया गेलता, तवा मलाच बसवून पथ्य सांगितलं. दारू बंद, खारट बंद, मटन बंद. पाळलं तर वाचत्याल म्हनला."

"आबांनी ऐकलं नसणार."

"ऐकलं की. मरायला कोन भेत न्हाई? ताट बघितलं की नको नको म्हनायचे." मालनबाई वेलाकडं बघत होत्या. "उठाया येत नव्हतं, म्हनून म्या भरवायची."

साहेबांचा कप ओठापाशीच थांबला.

"त्यांना आडीच म्हयनं लागलं," त्या म्हणाल्या. "येलाला किती लागत्यात, साहेब?"