परत आलेली व्हीलचेअर

लालबागच्या त्या मंडळात गरजूंना व्हीलचेअर फुकट वापरायला मिळायची. ती सांभाळणाऱ्या हितेंद्रचा एकच नियम होता: खुर्ची परत आली की "पेशंट कसाय?" असं विचारायचं नाही. गुपचूप पुसायची आणि कोपऱ्यात लावायची. कारण आजवर एकही पेशंट ती स्वतः परत द्यायला आला नव्हता.

आज मात्र कुशाबाच रिकामी खुर्ची ढकलत दारात आले. गणपतीत त्यांच्या बायकोने, काकींनी, त्यांना याच खुर्चीत बसवून घरी नेलं होतं. हितेंद्र नियमबियम विसरला.

"काका, तुम्ही चालत? थांबा, स्पीकरवरच सांगतो सगळ्यांना! हा चमत्कार केला कोणी?"

कुशाबांनी खुर्चीच्या मुठी सोडल्या नाहीत.

"तुझ्या काकीने. ढकलणारीच गेली रे, मग उठावंच लागलं."