उकाज निघालाय

रशियन मजकूर आधी मोठ्यानं वाचायचा, मगच इंग्रजी शब्द शोधायचा, ही अनुवादिकेची सवय. आज गाडी ‘उकाज’पाशी अडली. फोनवर वकील वैतागला, “अहो बाई, सरकारी हुकूमच ना तो? ‘ऑर्डर’ लिहा, मोकळ्या व्हा!” “ऑर्डर तर हॉटेलातही देतात, साहेब,” म्हणत तिनं फोन ठेवला आणि शब्द पुन्हा खणखणीत उच्चारला, “उकाज!” आतल्या खोलीत खुर्ची पडली. ती धावली. तरुणपणी सोव्हिएत हद्दपारी भोगलेली, आता एकुलत्या लेकीचं नावही विसरलेली आई कोट चढवून बुटांच्या नाड्या बांधत होती. “रेडिओवर ऐकलंस ना? उकाज निघालाय. आता आपल्याला न्यायला ट्रक येईल,” असं पुटपुटत तिनं लेकीच्या हातात उशी कोंबली. “माझी पोर धर. हिला रडू देऊ नकोस.” खाली रोजचा कचऱ्याचा ट्रक थांबला. अनुवादिकेनं उशी छातीशी गच्च आवळली, रडू नये म्हणून.