घरासमोरची जागा

कुनुक आजही बर्फावरची रिकामी घसरगाडी घेऊन परतला. वडिलांच्या वेळेपासूनच्या शिकारीच्या जागी तो आठवडाभर रोज बर्फावर बसून होता, पण बर्फातल्या भोकातून एकाही सीलनं श्वास घ्यायला डोकं वर काढलं नव्हतं. गाडी ओढणारी कुत्री उपाशी होती. आता बायकोचे टोमणे ऐकायचे, अशी त्यानं मनाची तयारी केली.

पण त्याच्या बायकोची, पिपालुकची बादलीही रिकामीच होती. घरासमोरच्या गोठलेल्या खाडीत भोक पाडून ती मासे धरायची. तिनं गळ त्याच्यापुढे धरला. गळाला माशाचं नुसतं डोकं लटकत होतं.

"रोज हेच चाललंय. बाकीचा मासा कोणीतरी खालच्या खाली खाऊन टाकतंय."

"उद्या तुला दुसरीकडे भोक पाडून देतो."

"मला कशाला? मासे इथे आहेत म्हणून खाणाराही इथेच आलाय. उद्या तूच बस इथे."

सकाळी कुनुक भाला घेऊन स्वतःच्याच दारासमोर त्या भोकापाशी बसला. शेजारचा आका जाता जाता थांबला.

"काय रे, बायकोनं घराबाहेर काढलं वाटतं?"

भोकातलं पाणी हललं.

"हो," कुनुक भाला उचलत कुजबुजला, "संध्याकाळी जेवायला ये."