तहहयात

न्याहारीच्या टेबलावर जज्ज थॉर्नलींनी बायकोकडे पाहून अदबीनं विचारलं, "बाई, आपण कोणाकडच्या?"

मेहिटेबलनं कॉफीची किटली खाली ठेवली. आज कोर्टात एका बंडखोर खलाशाला शिक्षा सुनवायची होती. फाशी की तुरुंग, एवढंच जज्जांनी सांगायचं होतं.

जज्जसाहेबांना कोर्टात न्यायला आलेल्या कारकुनाला तिनं दारातच गाठलं. "एझ्रा, आज यांना नेऊ नकोस रे. यांना काही आठवत नाही."

"सगळ्या कोर्टाला ठाऊक आहे, बाईसाहेब. पण राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला जज्ज मरेपर्यंत जज्ज. आपण अमेरिकेतून इंग्लंडच्या राजाला हाकललं, पण यांना खुर्चीवरून उठवणार कोण?"

दिवसभर तिच्या जिवात जीव नव्हता. संध्याकाळी साहेब परतले ते शीळ घालतच.

"त्या पोराचं काय केलंत हो?" तिनं भीतभीतच विचारलं.

"कुठल्या पोराचं?"

"त्या खलाशाचं."

ताटातल्या माशाचा काटा काढता काढता साहेब आठवू लागले. "मी काहीतरी बोललो खरा. मग मागच्या बाकावर एका बाईनं टाहो फोडला."

त्यांनी मान वर करून मेहिटेबलच्या ओल्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं.

"तुम्हीच का हो त्या?"