निळं बटण

तानाबाईंनी हाक मारली की शिवाजी पेठेत कोपऱ्यावरचा दूधवालासुद्धा गाडी थांबवून मागं बघायचा. पोटचा पोरगा तेवढा बघत नव्हता.

आईजवळ राहायचं म्हणून पुण्याहून रजा काढून आला, आणि चार दिवस धैर्यशीलची नुसती पाठ दिसत होती. जेवतानाही डोळे कॉम्प्युटरवर. ताटात काय होतं विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं गड्याला. आज चारच्या गाडीनं तो परत जायचा होता.

भाकरी थापता थापता त्यांनी तीनदा बोलावलं. तीनदा "हं" आलं. मग तव्यावरची भाकरी तशीच टाकून त्या पिठाच्या हातानं त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभ्या राहिल्या.

पडद्यावर एकच बटण. पहिल्या दिवशी ते करडं, चौकोनी होतं. दुसऱ्या दिवशी कोपरे गोल झाले, मग हिरवं झालं, आज निळं. पाठीमागून सगळं दिसत होतं त्यांना.

त्यांनी त्यावर बोट टेकवलं. काचेवर पीठ उमटलं. बटण होतं तसंच.

"आई, बोटानं नाही." तो वळला. रुमालानं काच पुसली. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांचा हात धरून माऊसवर ठेवला आणि वर आपला तळवा ठेवला. पाटीवर त्याचा हात असा धरायला त्यांना कधी जमलं नव्हतं; त्यांचीच शाळा दुसरीत सुटलेली.

पडद्यावरचा बाण सरकत बटणावर गेला. बटण उजळलं. दाबलं नव्हतं अजून.

साखर कारखान्याच्या ऊसकाट्यावरचा माणूस हे दिवसभर वापरणार, तो सांगत होता. बाण जवळ आल्याचं बटणाला कळलंय, हे त्या माणसाला दिसायला पाहिजे. तयार बटण असं उजळत नाही, सगळं आपण लिहावं लागतं. तानाबाई त्याच्या तोंडाकडं बघत होत्या. दाढीत पांढरे केस आले होते.

बोलता बोलता त्याला काहीतरी खटकलं. तळवा उठला, बोटं कीबोर्डवर गेली. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला.

त्यांनी हात काढून घेतला. माऊस ढळला, बटण विझलं.

"चार दिस ह्यालाच लागलं व्हय?"

"हं."

"दाबायच्या आधीच कळतंय की त्याला, कोण जवळ आलंय ते," पदराला हात पुसत तानाबाई म्हणाल्या. "चांगलं वळण लावलंस. मला तुला तेवढं लावता आलं न्हाई."