बंदुकांचं तारण

ट्रकमधून बंदुका उतरू लागल्या आणि शेख दैफल्लांनी नाक मुरडलं. बंदुकांना ग्रीसचा वास येत होता. काहींवरचा मेणकागदसुद्धा कुणी सोडवला नव्हता.

"ह्या कुणाच्या खांद्यावरच्या?" त्यांनी विचारलं.

"खांद्यावरच्या घरीच आहेत, शेख," वरच्या गावचा म्होरक्या हिजाम म्हणाला. हिजाम शेखांच्या लेकीचा सासरा. "तुम्ही समेट घडवताय हे आमच्या मित्रांच्या कानावर गेलं. तारणासाठी म्हणून त्यांनी कोऱ्या पाठवल्या."

संध्याकाळी खालच्या गावानेही तशाच कोऱ्या बंदुका आणून टाकल्या. त्यांचे मित्र वेगळे होते, ग्रीसचा वास तोच होता. येमेनमध्ये बाकी कशाचीही टंचाई असो, मित्रांची ददात कधीच नव्हती.

शेखांना संताप आला. तंटा मिटवायचा तर दोघांनी आपापल्या बंदुका पंचाच्या घरात ठेवायच्या, निवाडा मोडला तर बंदुकाही गेल्या आणि अब्रूही, ही वाडवडिलांची रीत. फुकटात आलेल्या बंदुकीला कसली अब्रू! पण त्यांनी राग गिळला. दोन गावांच्या नाक्यांनी रस्ता अडवल्याला वर्षं लोटली होती. लेक अरवा वरच्या गावात अडकली होती आणि इथे तिची आई अंथरुणाला खिळून तिच्याच नावाचा जप करत होती. म्हातारीचे डोळे मिटण्याआधी लेक दाराशी यावी, एवढ्यासाठी शेखांनी पंचाची पगडी चढवली होती.

बंदुका घरात रचल्या. एवढा ऐवज उघड्यावर कसा ठेवायचा? पुतण्यांनी त्यातल्याच बंदुका खांद्याला लावल्या आणि दारापुढे पहारा बसवला. रस्ता दारापुढूनच जात होता, त्यामुळे पहाऱ्याचा नाका व्हायला वेळ लागला नाही.

"अरे, तुम्ही लोकांना अडवता कशाला?" शेख ओरडले.

"अडवत नाही, काका. नुसतं विचारतो," पुतण्या म्हणाला. "लोकच आपणहून थांबतात."

आठवड्याभरात दोन्हीकडचे मित्र भेटीला आले. गाड्या वेगळ्या, हसू एकच.

"आपल्या गटाचं नाव काय?" एकाच्या दुभाष्याने विचारलं.

"माझा गटबिट काही नाही. मी पंच आहे."

"इतक्या बंदुका आणि गट नाही?" दुभाषा आपल्या साहेबाशी कुजबुजला आणि गोड हसला. "साहेब म्हणतात, हरकत नाही. नाव आम्ही सुचवू."

जाताना दोघांनीही काडतुसांच्या पेट्या ठेवल्या. पाहुण्याची भेट नाकारायची कशी? शेखांनी त्यांना कॉफी पाजली. दुसऱ्या दिवशी रेडिओवर खोऱ्यातल्या तिसऱ्या गटाची बातमी होती. शेखांनी ती ऐकली आणि कपाळाला हात लावला.

तरीही समेट झाला. दोन्ही गावांनी शपथा घेतल्या आणि त्यांचे नाके उठले. कांद्याचा ट्रक गेला, मागून बकऱ्या गेल्या, वऱ्हाडाची गाडी गेली. शेखांनी मधाची पोळी करवून घेतली होती. म्हातारीने केसांना मेंदी लावून घेतली होती. शेख दारात उभे होते.

हिजाम आला. एकटाच.

"अरवा कुठाय?"

"सुखात आहे. माझ्या पोटच्या पोरीसारखी आहे." हिजामची नजर वर उठेना. "पण रस्त्याच्या तोंडावर तुमचा नाका आहे, शेख. आता तुम्हीही एक पक्ष झालात. उद्या तुम्ही उलटलात तर? गाव म्हणतं, तुमच्याकडूनही तारण हवं. रस्ता सगळ्यांना मोकळा आहे. फक्त ती तिथे राहील."

"अरे, तिची आई शेवटच्या घटका मोजतेय!" शेखांचा आवाज फाटला. "ह्या सगळ्या बंदुका ने! पेट्या ने, हे घर घे!"

"बंदुका घेऊन काय करू, व्याही?" हिजाम म्हणाला. "त्या बुडाल्या तर मित्र दुसऱ्या धाडतील. लेक कुठला मित्र धाडणार?"