उजवी बाजू

चौकीतल्या टेबलावर सराफाने कमरेचं पिस्तूल ठेवलं, गोळ्या वेगळ्या ठेवल्या आणि परवाना पुढे सरकवला. “परवान्याची मुदत अजून आहे की, काका,” हवालदार म्हणाला. “परवान्याची आहे हो, माझ्या डाव्या कानाची संपली. मागून कोणी ओरडलं तरी पत्ता लागत नाही. अशा माणसाने भररस्त्यात हत्यार बाळगायचं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत!” पोच घेऊन तो बायकोसोबत बाहेर पडला. ती सवयीने त्याच्या डावीकडे गेली. पिस्तूल कमरेला उजवीकडे, त्या बाजूला कोणी फिरकायचं नाही, हा लग्नापासूनचा घरचा कायदा. हल्ली त्यामुळेच तिचं निम्मं बोलणं वाऱ्यावर जायचं. त्याने रिकामा पट्टा थोपटला. “आता इकडून चल गं.” तिने बिचकत उजवीकडून हात अडकवला. “अहो, वर्षभराचं सगळं ऐकायचं राहिलंय तुमचं. पहिल्यापासून सांगू?” सराफाने मुद्दाम लांबचा रस्ता धरला.